पेरते व्हा : पावशाच्या ओळखीचा इतिहास

गोंदिया जिल्ह्यातला पक्षी म्हटले की आज सर्वांना सारस आठवतो. ते योग्यही आहे. महाराष्ट्रात सारस मुख्यतः याच जिल्ह्यात टिकून आहे. धानाच्या बांधीत जोडीने उभा असलेला माणसाएवढा पक्षी ओळखायला कुणाला शिकवावे लागत नाही. या लेखात मात्र आम्ही अशा पक्ष्याची हकीकत सांगणार आहोत, जो जिल्ह्यातल्या बहुतेक प्रत्येक गावाने ऐकला आहे, पण पाहिला आहे फारच थोड्यांनी. तो म्हणजे पावशा.

मोहफुले वेचण्याचे दिवस सुरू झाले की नवेगावबांध, नागझिरा, सालेकसा, देवरी या भागांतल्या जंगलात त्याचा आवाज घुमू लागतो. तेंदूपत्ता तोडणीच्या वेळी, म्हणजे मे महिन्यात, तो अगदी टिपेला पोहोचतो. जंगलच हवे असेही नाही. गावालगतची आमराई, तलावाच्या पाळीवरची झाडे, शाळेच्या आवारातला चिंचेचा वृक्ष, कुठूनही तो ऐकू येतो. दिवसा येतो, पहाटे येतो आणि चांदण्या रात्री तर विशेष येतो. तीन स्वरांचा एक तुकडा. मधल्या स्वरावर जोर. हा तुकडा लागोपाठ पाच-सहा वेळा, दरवेळी आधीपेक्षा वरच्या पट्टीत आणि अधिक कर्कश. आता याचा गळा फुटणार असे वाटावे, तोच आवाज एकदम तुटतो. थोडी शांतता, आणि पुन्हा खालच्या पट्टीपासून सुरुवात.

मराठी शेतकऱ्याला या आवाजात 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे शब्द ऐकू आले. कुणाला 'पाऊस आला' असे ऐकू आले, आणि पावशा हे नावही पावसावरूनच पडले. गोंदियाचा पट्टा मराठी आणि हिंदी यांच्या सीमेवरचा. येथून गाडीने थोडे पूर्वेला वा उत्तरेला गेले की तोच पक्षी पपीहा होतो आणि 'पी कहाँ', म्हणजे प्रियकर कुठे आहे, असे विचारू लागतो. बंगाली माणसाला तो 'चोख गेलो', माझे डोळे गेले, असे रडताना ऐकू येतो. इंग्रज अधिकाऱ्यांना उन्हाळ्याच्या रात्री झोप लागत नसे. त्यांनी त्याचे 'ब्रेन फीव्हर' केले. ब्रेन फीव्हर म्हणजे मेंदूचा ताप. एकोणिसाव्या शतकातले डॉक्टर बऱ्याच दुखण्यांना हे नाव देत. पक्षी एकच, आवाज एकच. शेतकऱ्याला पेरणी, कवीला विरह आणि साहेबाला डोकेदुखी.

या गमतीतच आपल्या विषयाचा गाभा आहे. पक्ष्याच्या आवाजात 'प' नाही, 'र' नाही, 'व्हा' तर नाहीच. तेथे फक्त चढत जाणारी पट्टी आणि ठरावीक ताल आहे. त्या चौकटीत आपापल्या भाषेतले शब्द आपला कान बसवतो. म्हणून 'पेरते व्हा' ही दोन वेगवेगळ्या गोष्टींची नोंद आहे. तीन स्वर, मधल्यावर जोर आणि चढती पट्टी ही पक्ष्याची नोंद. पेरणीची आठवण ही माणसाची. पहिली सर्व भाषांत समान सापडते, दुसरी भाषेगणिक बदलते. एखादी गोष्ट निसर्गातली किती आणि आपल्या मनातली किती, हे वेगळे करण्याचा इतका सोपा धडा वर्गात क्वचितच मिळेल.

आता विज्ञानाच्या दप्तरात हा पक्षी कसा दाखल झाला ते पाहू. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर थरंगमबाडी नावाचे गाव आहे. तेथे डेन्मार्कची वसाहत होती आणि युरोपीय लोक त्या गावाला ट्रँक्वेबार म्हणत. तेथून जहाजाने वनस्पतींचे, प्राण्यांचे नमुने कोपनहेगनला जात. मार्टिन व्हाल हा तेथील नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने १७९७ मध्ये अशा एका नमुन्यावरून आपल्या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला 'क्युक्युलस व्हेरियस' असे नाव दिले. व्हेरियस म्हणजे नाना छटांचा, चित्रविचित्र. या नावात आवाजाचा मागमूस नाही, आणि असणार तरी कसा? कातडे बोलत नाही. ज्या पक्ष्याने साऱ्या हिंदुस्थानची झोप उडवली, त्याचे शास्त्रीय नाव पिसांच्या रंगावरून पडले. पुढे १८४५ मध्ये म्युलरने या गटासाठी 'हायरोकॉक्सिक्स' हे नाव सुचवले. ग्रीक भाषेत 'हायराक्स' म्हणजे ससाणा आणि 'कॉक्सिक्स' म्हणजे कोकीळ. हे नाव मात्र नेमके आहे. का, ते पुढे येईलच.

कातड्यांच्या या शास्त्राला नाके मुरडण्याचे कारण नाही. दोन पक्षी वेगळ्या जातींचे आहेत की एकाच जातीचे नर-मादी, पिल्लू-प्रौढ आहेत, हे ठरवायला नमुने शेजारी ठेवून पाहण्याशिवाय त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. सलीम अलींचा पक्षिशास्त्रात प्रवेश झाला तोही असाच. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे मिलर्ड साहेबांनी त्यांना जतन केलेल्या पक्ष्यांचे खणामागून खण उघडून दाखवले. आपल्या भागापुरते पाहायचे तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे, म्हणजे आपल्या अजब बंगल्याचे, डी'अब्रू यांचे काम महत्त्वाचे आहे. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात पक्षी गोळा करण्यासाठी केलेल्या सफरीचा त्यांचा वृत्तान्त १९१२ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आला. संपूर्ण मध्य प्रांताच्या पक्ष्यांची यादी त्यांनी १९३५ मध्ये तेथेच प्रसिद्ध केली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता (तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी), आणि भंडारा मध्य प्रांतात होता. आपल्या जंगलांतल्या पक्ष्यांचा पाया शोधायचा तर या यादीपर्यंत जावे लागते.

पण कातड्यांच्या शास्त्राला एक मर्यादा होती. जंगलात काम करणाऱ्या माणसाला पक्षी हातात मिळत नाही. त्याला मिळतो आवाज, हालचाल, फांदीवर बसण्याची ढब. ही त्रुटी ओळखणाऱ्यांपैकी एक होते थॉमस जर्डन. पेशाने लष्करी डॉक्टर. 'बर्ड्स ऑफ इंडिया' हा त्यांचा ग्रंथ १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात जातीजातीखाली त्यांनी देशी भाषांतली नावे दिली आहेत आणि सवयींचीही माहिती दिली आहे. देशी नावे देण्याचे कारण व्यवहारातले होते. खेड्यातल्या माणसाला लॅटिन नाव सांगून पक्षी दाखवून मिळत नाही. पण यामुळे एक मोठे काम आपोआप झाले. ज्यांच्या ज्ञानाला कुणी ज्ञान म्हणत नव्हते, त्या पारध्यांचे आणि जंगलात राहणाऱ्यांचे शब्द छापील ग्रंथात आले.

आता ससाण्याचे नाव कोकिळेला का, याकडे वळू. पावशा साधारण कबुतराएवढा. वरून राखी, खालून पांढुरका व त्यावर तपकिरी आडव्या रेघा, शेपटीवर रुंद आडवे पट्टे. हे वर्णन वाचून ज्याने शिक्रा पाहिला आहे तो म्हणेल, हा तर शिक्राच! खरोखरच पहिल्या नजरेत दोघांत फरक करणे कठीण जाते. उडण्याची तऱ्हासुद्धा तीच. चार-दोन वेळा पंख मारायचे आणि मग तरंगत जायचे. पिल्लांच्या अंगावर आडव्या रेघांऐवजी उभे ठिपके असतात, आणि शिक्र्याच्या पिल्लांचेही तसेच असते. पावशा एखाद्या झाडात शिरला की आजूबाजूचे लहान पक्षी कलकलाट करतात, खारी चिरकू लागतात. जणू शिकारी पक्षीच आला आहे.

फरक कुठे पाहायचा? आधी चोच पाहावी. शिक्र्याची चोच आखूड आणि टोकाला आकडी असलेली, मांस फाडण्यासाठी. पावशाची चोच बारीक, किंचित वाकलेली. शिक्र्याच्या पायांना अणकुचीदार नख्या. पावशाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे, पकड नाजूक. डोळ्याभोवती पिवळे कडे असते, पण ते जवळून दिसते. लांबून उपयोगी पडते ती वागण्यातली खूण. फांदीवर येऊन बसताच पावशा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो. शिक्रा बसतो तो ताठ, काठीसारखा. आणि खातो काय ते पाहिले तर शंकाच उरत नाही. पावशा केसाळ सुरवंट खातो. सुरवंट चोचीत धरून, फांदीवर घासून-दाबून त्याचे आतडे काढून टाकतो आणि मग गिळतो. शिक्र्याला सुरवंटांत असा रस नाही.

हे साम्य फार पूर्वीच लोकांच्या लक्षात आले होते. युरोपात अशी समजूत होती की, ससाणाच ऋतू बदलला की कोकीळ होतो. कोकीळ दिसू लागला की ससाणे दिसेनासे होतात, हा त्यासाठी दिला जाणारा पुरावा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ही समजूत तपासून खोडून काढली. त्याचे म्हणणे असे की, कोकिळेच्या नख्या ससाण्यासारख्या आकडेदार नाहीत, डोकेही तसे नाही. रंग तेवढा सारखा. आम्ही वर दिलेल्या खुणा आणि या खुणा ताडून पाहा. सुमारे तेवीसशे वर्षांत मुद्दे बदललेले नाहीत!

साम्य आहे, पण त्याचा कोकिळेला उपयोग काय, हा प्रश्न प्रयोगाने सुटायला एकविसावे शतक उजाडावे लागले. इंग्लंडमध्ये डेव्हिस आणि वेल्बर्गेन यांनी २००८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लहान पक्षी जेथे दाणे खायला येत, तेथे त्यांनी पेंढा भरलेला युरोपीय कोकीळ, ससाण्याच्या जातीचा शिकारी पक्षी, होला आणि एक बदक असे आळीपाळीने ठेवले. होला व बदक यांच्याकडे रामगंगा जातीच्या त्या लहान पक्ष्यांनी फारसे लक्ष दिले नाही. शिकारी पक्षी आणि कोकीळ यांना मात्र ते सारखेच घाबरले. मग कोकिळेच्या पोटावरच्या आडव्या रेघा झाकून टाकल्या, तर तिला ते होल्यासारखेच वागवू लागले. म्हणजे भीती रेघांमुळे होती. प्रयोग युरोपातल्या कोकिळेवर झाला आहे, पावशावर नव्हे, हे विसरू नये. पण आपल्याकडे चिंचेच्या झाडावर पावशा आल्यावर जो गोंधळ होतो, त्याचा अर्थ लावायला तो उपयोगी पडतो.

घाबरवून मिळवायचे काय? तर घरटे. पावशा स्वतः घरटे बांधत नाही. मादी आपले अंडे सातभाईंच्या घरट्यात घालते. सातभाई म्हणजे ते मातकट रंगाचे, थव्याने जमिनीवर पाचोळा उलथणारे, सदा भांडणारे पक्षी. (मराठीत ते सात भाऊ आहेत, हिंदीत मात्र सात बहिणी. गोंदियाच्या बाजारात दोन्ही नावे ऐकायला मिळतात.) त्यांची अंडी निळी असतात आणि पावशाचे अंडेही निळे. पिल्लू बाहेर आले की बहुधा यजमानांची अंडी घरट्याबाहेर लोटते. पण नेहमीच नाही. जर्डन यांनी नोंदवून ठेवले आहे की, पावशाचे पिल्लू सातभाईंच्या पिल्लांबरोबर हिंडतानाही दिसते. उडता येऊ लागल्यावरही जवळजवळ महिनाभर ते थव्याच्या मागे 'की की' असा खरखरीत आवाज करत फिरते आणि थव्यातले पक्षी त्याला भरवत राहतात.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या मते या साऱ्या हकीकतीतला तो सर्वांत सुंदर प्रश्न आहे. या पिल्लाने जन्मल्यापासून ऐकले काय? सातभाईंचा कलकलाट. त्याला सांभाळणाऱ्यांपैकी कुणी 'पेरते व्हा' म्हणत नाही. तरी पुढे नर पिल्लू मोठे होऊन उन्हाळ्यात जे म्हणू लागते ते 'पेरते व्हा'च! ही बोली त्याला कुणी शिकवलेली नाही. ती वारशाने आलेली आहे. कोकिळांच्या कुळात आवाज असा उपजत असतो. गाणाऱ्या अनेक पक्ष्यांचे तसे नसते. इंग्लंडमध्ये थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच नावाच्या पक्ष्यावर प्रयोग केले. पिल्लांना मोठ्या नरांचे गाणे ऐकू दिले नाही, तर ती मोठेपणी अर्धवट, ओबडधोबड गाणे गातात, असे त्यांना आढळले.

शिकणाऱ्यांतला पट्टीचा शिकाऊ म्हणजे आपला भृंगराज. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात तो आहे. शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकाला पिसांचे झुपके मिरवणारा हा काळा पक्षी इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. श्रीलंकेत गुडेल आणि कोटगामा यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, या नकलांमुळे इतर जातींचे पक्षी त्याच्याजवळ गोळा होतात. मिश्र थव्यात राहिले की भृंगराजाला किडे मिळवणे सोपे जाते. म्हणून जंगलात नुसत्या आवाजावरून निर्णय देऊ नये. झाडातून शिक्र्याचा आवाज आला, तर तेथे शिक्रा असू शकतो किंवा शिक्र्याची नक्कल करणारा भृंगराज असू शकतो. आवाज ऐकावा आणि मग थांबून वागणे पाहावे. पावशाच्या बाबतीत उलट होते; तेथे रूप फसवते आणि आवाज खरे सांगतो. ओळख पटवायला दोन्हींची जोड लागते ती यासाठी.

थॉर्प यांना हे काम करता आले, कारण तोवर आवाज कागदावर उतरवणारे यंत्र हाती आले होते. आवाज साठवण्याची सुरुवात तशी जुनी. जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने १८८९ मध्ये एडिसनच्या फोनोग्राफवर, मेणाच्या नळकांड्यावर, पिंजऱ्यातल्या एका पक्ष्याचे गाणे मुद्रित केले. पक्षिस्वराचे हे जगातले सर्वांत जुने ज्ञात मुद्रण मानले जाते. आणि पक्षी कोणता? शामा! आपल्या जंगलांतला, मधुर गळ्याचा शामा. पण साठवलेला आवाज पुन्हा ऐकता येत असला तरी मोजता येत नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आवाजाचा आलेख काढणारे यंत्र तयार झाले. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्वराची उंची. ते बनवले होते माणसाच्या बोलण्यासाठी. पक्षिशास्त्रज्ञांनी ते उचलले. पावशाच्या हाकेचा असा आलेख पाहिला की जिन्याच्या पायऱ्या दिसतात. एकावर एक चढत गेलेले सारख्या आकाराचे तुकडे. जे शेतकऱ्याचा कान शेकडो वर्षे ऐकत होता, ते आता डोळ्याला दिसू लागले.

आज हेच तंत्र खिशातल्या मोबाइलमध्ये आले आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या मर्लिन या साधनात २०२१ पासून पक्ष्याचा आवाज ऐकवून नाव मिळवण्याची सोय झाली. झेनो-कँटो या संग्रहात तर २००५ पासून जगभरचे लोक पक्ष्यांचे आवाज जमा करत आहेत. शिक्षकांनी ही साधने जरूर वापरावीत. मात्र पक्षी पाहण्यापूर्वी मोबाइलने नाव सांगून टाकले की मुलांचे पाहणे तेथेच थांबते, असा आमचा अनुभव आहे. आधी कागदावर आवाज लिहायला लावावा. किती स्वर, जोर कशावर, पट्टी चढते की उतरते, किती वेळा, किती अंतराने. नंतर मोबाइल काढावा.

नावांचा इतिहासही याच कामाला जोडून येतो, आणि येथे नवेगावबांधचे नाव घ्यावेच लागते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा विस्तीर्ण तलाव कोहळी समाजाने बांधलेल्या मोठ्या तलावांपैकी एक. त्याच्या भोवतीचे जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि नागझिऱ्यासह २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्पात आले. येथे वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली मराठी वाचकांना सांगायला नकोत. वनाधिकाऱ्याला जंगलाचा नकाशा पाठ असतो. चितमपल्लींनी जंगलातल्या माणसांची भाषाही शिकून घेतली. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणकारांबरोबर ते हिंडले. गावकऱ्यांनी व आदिवासींनी पक्ष्यांना दिलेली नावे त्यांनी टिपून घेतली, संस्कृत ग्रंथांतल्या नावांशी ताडून पाहिली, आणि त्यातून पुढे त्यांचा 'पक्षीकोश' उभा राहिला. १८ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. जर्डन यांनी नावे गोळा केली ती परक्या माणसाने करावी तशी, यादी म्हणून. चितमपल्लींच्या हाती त्याच कामाला घरचेपण आले. कोणते नाव आवाजावरून, कोणते रंगावरून, कोणते सवयीवरून पडले, हे त्या भाषेत राहणाऱ्यालाच नीट कळते.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो ग्रामीण शाळेत हमखास निघतो. मुलगा उठून म्हणतो, "गुरुजी, आमचे आजोबा म्हणतात पावशा ओरडला की पाऊस येतो. हे खरे का?" यावर दोन उत्तरे दिली जातात आणि दोन्ही आम्हाला नापसंत आहेत. एक, ही अंधश्रद्धा आहे. दोन, आपल्या पूर्वजांना सारे काही ठाऊक होते. पहिल्या उत्तराने मुलाच्या आजोबांचा अपमान होतो, दुसऱ्याने मुलाच्या बुद्धीचा.

तपासून पाहू. गोंदियाकडे पाऊस येतो साधारण जूनच्या मध्याला. कधी आठवडाभर आधी, कधी दोन आठवडे उशिरा. पावशा बोलू लागतो त्याच्या कितीतरी आधी, उन्हाळा लागताना. तीन महिने रोज ओरडणाऱ्याच्या ओरडण्यावरून पाऊस कोणत्या दिवशी येईल हे कसे कळणार? भाकीत म्हणून हे टिकत नाही. पण मग हा पक्षी तेव्हाच का बोलतो? कारण त्याचा विणीचा हंगाम मुख्यतः मार्च ते जून हा आहे, आणि तो सातभाईंच्या घरट्यांशी बांधलेला आहे. नराची हाक ही हद्द सांगण्यासाठी आणि मादीला बोलावण्यासाठी असते. मादी स्वतः अशी हाक देत नाही. तिचा आवाज वेगळा, खडखडाटी असतो. उन्हाळ्याचा शेवट म्हणजे शेतकऱ्याचाही वाट पाहण्याचा काळ. खारी टाकून झाली, धुऱ्यांची डागडुजी झाली, पऱ्ह्यांसाठी बियाणे काढून ठेवले. आता नजर आभाळाकडे आणि कान मोकळा. त्या कानावर ही हाक पडते. आजोबांचे निरीक्षण पक्के आहे: ही हाक आणि ही वेळ यांची सांगड खरी आहे. चुकते ते एवढेच की, सांगडीला कारण समजले जाते. ढगाळ दिवशी तो जास्त ओरडतो असेही अनेकजण सांगतात. हे खरे की खोटे ते वर्गाला एका उन्हाळ्यात मोजून पाहता येईल. वही, घड्याळ आणि आभाळाची रोजची नोंद एवढेच साहित्य पुरे.

पावशाची चातकाशी होणारी गल्लतही येथेच निस्तरावी. चातक काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी असलेला. तोही कोकीळकुळातला आणि तोही सातभाईंच्याच घरट्यात अंडी घालतो, पण मुख्यतः पावसाळ्यात. आपल्या भागात तो मोसमी वाऱ्यांच्या सुमारास येतो आणि पावसाळा संपला की जातो; आफ्रिकेपर्यंत त्याचा प्रवास असल्याचे मानले जाते. हिंदी कवितेत पपीहा आणि चातक इतके मिसळून गेले आहेत की, कोणत्या ओळीत कोणता पक्षी आहे हे सांगणे अवघड होते. निसर्गात मात्र वाटणी स्वच्छ आहे. एकाच यजमानाकडे दोन पाहुणे, एक पावसापूर्वीचा आणि एक पावसातला.

चातक येतो-जातो, म्हणून पावशाही येतो-जातो असे अनेकांना वाटते. हिवाळ्यात तो ऐकू येत नाही, तेव्हा तो कुठेतरी निघून गेला असणार! अभ्यासू निरीक्षकही येथे फसत आले आहेत. खरे पाहता आपल्याकडे तो बहुतांशी वर्षभर असतो. हिवाळ्यात फक्त गप्प असतो आणि म्हणून नजरेतून सुटतो. कोकीळ दिसला की ससाणे नाहीसे होतात, म्हणजे एकाचाच दुसरा होतो, असे म्हणणाऱ्या जुन्या युरोपीयांची चूक याच घराण्यातली आहे. दिसले नाही म्हणजे नाही, ऐकले नाही म्हणजे गेले.

कानाला तो सापडत नाही तेव्हा सातभाईंची मदत घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत शाळेच्या आवारात त्यांनी एखाद्या झाडाकडे तोंड करून एकाएकी आरडाओरडा सुरू केला, तर ते झाड सावकाश न्याहाळावे. बहुधा साप, मांजर किंवा शिक्राच निघेल. एखादे वेळी दाट पानांत, राखी पाठीचा, पिवळ्या कड्याच्या डोळ्यांचा एक पक्षी निमूट बसलेला दिसेल. तो उडून पलीकडच्या फांदीवर बसला की शेपटीकडे पाहावे.